पॅच मोजून कमिटर ठरवायचा?

मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांवरच्या चर्चेत एकाने म्हटलंय, ‘पन्नास पॅच (कोडमध्ये सुचवलेले बदल) स्वीकारले गेले की कमिटचा, म्हणजे मूळ कोडमध्ये थेट बदल करण्याचा, अधिकार आपोआप मिळायला हवा.’ ऐकायला न्याय्य वाटतं, पण पटत नाही. टायपो सुधारणारे पन्नास पॅच आणि महिनोन्‌महिने छळणाऱ्या मेमरी लीकचा (प्रोग्राम वापरलेली मेमरी परत सोडत नाही अशा दोषाचा) माग काढणारा एकच पॅच, हे एकाच तराजूत कसे तोलणार? नवा कमिटर, म्हणजे असा अधिकार असलेला, निवडताना मत देणारे बघतात ते वेगळंच. दुसऱ्याचा कोड तपासताना तुम्ही काय शेरे देता, स्वतःचा पॅच नाकारला गेल्यावर कसे वागता, आणि ‘हा भाग मला कळत नाही’ म्हणून थांबता का.

ही निवड बंद दाराआड का होते, हा मुद्दा मात्र त्या चर्चेत कुणी काढला नाही. अपाची या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेच्या प्रकल्पांत नव्या कमिटरची चर्चा व्यवस्थापन समिती खासगीत करते, मग साधारण ७२ तास मतदान चालतं, आणि होकार आल्यावरच त्या व्यक्तीला विचारतात. नाव मागे पडलं तरी चारचौघांत शोभा होत नाही. (ही गुप्तता मलाही आधी खटकायची.) फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पात तर अधिकार मिळाल्यावरही सुरुवातीचे बदल मार्गदर्शकाच्या संमतीनेच जातात. मला ही पद्धत सगळ्यात शहाणपणाची वाटते.

अर्थात यातल्या कशानेच खात्री होत नाही. एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या प्रकल्पात एकाने दोनेक वर्षं निमूटपणे काम करून विश्वास कमावला आणि २०२४ मध्ये चोरदरवाजा घुसवला. नुसते पॅच मोजले असते तर तोही सहज पास झाला असता.