बारावीला ७१ टक्के, फाउंड्रीत नोकरी, आयआयएमचा चान्स किती?

कुपवाडकर:
मंडळी खरं काय ते सांगा, गोड बोलू नका. दहावी ९३, बारावी ७१ (त्या वर्षी कावीळ झालती, पण ते मार्कशीटवर लिहीत नाहीत), मेकॅनिकल ७.४ सीजीपीए. ओपन. कुपवाड एमआयडीसीत एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) क्वालिटीला आहे, नोव्हेंबरात २६ महिने होतील. कॅटच्या (आयआयएमच्या एमबीएची प्रवेश परीक्षा) मॉकला ९६ च्या आसपास पर्सेंटाइल येतंय, क्वांट म्हणजे गणित चांगलं जातं पण व्हीएआरसी म्हणजे इंग्रजी वाचनाचा सेक्शन ८० च्या वर हलतच नाही, मराठी मीडियमवाला. आयआयएम अहमदाबाद बंगलोर कलकत्ता यातलं एखादं लागंल का? पप्पांची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे, ते म्हणतात वीस-पंचवीस लाख घालण्यापेक्षा पेढीवर बस.

कृष्णाकाठ:
भावा ९६ ऐकायला बरं वाटतंय, पण तीन लाखाच्या आसपास पोरं कॅट देतात म्हणजे तुझ्या पुढं ११-१२ हजार जण झाले की. त्यात ओपन, पोरगा आणि इंजिनिअर, सगळ्यात लांब रांग हीच. बऱ्याच आयआयएम मुलींना, नॉन-इंजिनिअरला जादा गुण देतात, त्यातलं तुला काय नाही. आणि तिथं दहावी-बारावीचे मार्क पण धरतात, ७१ आता बदलत नाहीत. प्रत्येक सेक्शनचा कटऑफ वेगळा असतोय, क्वांटनं व्हीएआरसीची भरपाई होत नाही. मी तर म्हणतो ते तीन सोड.

वाईची_ताई:
सोड कशाला, फॉर्म भर, पण भरवसा तिथं ठेवू नकोस. राज्याची एमबीए सीईटी दे. मुंबईची जमनालाल बजाज, सिडनहॅम ही कॉलेजं कॅपमधून (राज्याच्या एकत्र प्रवेश फेऱ्यांतून) भरतात, तिथं स्कोअर चालतो, मुलाखत नाही आणि तुझी बारावी कुणी उकरत नाही. जमनालालला ओपनला ९९.९ च्या घरात लागतं, हे आधीच सांगून ठेवते. आणि आयआयएम मुंबई बघ, २०२३ पर्यंत ती नीटी होती, ऑपरेशन्ससाठीच नाव आहे, फाउंड्रीवाल्याला तिथं बोलायला विषय तरी असंल.

मिरज_जंक्शन:
ताईंचं बरोबर, पण २६ महिन्यांत केलंस काय ते कुणीच विचारलं नाही. मला बारावीला ७४, मी पण फाउंड्रीतलाच. पहिल्या इंटरव्ह्यूत विचारलं रिजेक्शन किती, म्हटलं सहा टक्के. कशानं? ब्लोहोल, म्हणजे गॅसमुळं कास्टिंगला पडणारी भोकं. मग तुम्ही काय केलंत? तिथं दातखीळ बसली, कारण मी रोज एक्सेल भरून साहेबांना मेल करायचो, बास. नंतर वर्षभर साच्याच्या वाळूपाशी उभा राहिलो. ओलावा शिफ्टला एकदाच मोजायचे, तो तासातासाला मोजायला लावला, हेल्परच्या शिव्या खाल्ल्या, ब्लोहोल उतरले. पुढच्या साली तेच सांगितलं, वीस मिनिटं वाळूवरच बोललो, झालं सिलेक्शन.

कुपवाडकर:
आयला. मी पण एक्सेलच भरायलोय. आमच्यात ब्लोहोल कमी, मिसरन (साचा पूर्ण भरायच्या आत मेटल गोठणं) जास्त, लॅडल म्हणजे वितळलेल्या मेटलची बादली शेवटच्या मोल्डपर्यंत येईस्तोवर मेटल गार झालेलं असतंय हे सगळ्यांना म्हाईत आहे, टेंपरेचर मात्र कोण लिहून ठेवत नाही.

मिरज_जंक्शन:
मग तू लिही. मोल्ड नंबरसकट.

कुपवाडकर:
सोमवारपासून सेकंड शिफ्ट आहे, तेव्हाच चालू करतो. ताई, व्हीएआरसीला रोज काय वाचायचं तेवढं सांगा.