कोविडनंतर डी-डायमर (रक्ताच्या गुठळ्यांचा संकेत देणारी रक्ततपासणी) वाढलेले दिसते. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा डोस वाढवावा का?

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे)
माझ्या ६६ वर्षांच्या आईला कोविड न्यूमोनियामुळे वाशीतील एका रुग्णालयात दाखल करावे लागले होते. तेथे तिला रोज पोटावर रक्त पातळ करणाऱ्या एनोक्सापॅरिनचे इंजेक्शन देत असत आणि घरी सोडताना रक्त पातळ करणारी रिव्हरॉक्साबॅन १० मिलिग्रॅमची गोळी ३५ दिवसांसाठी लिहून दिली आहे. घरी आल्यावर ठाण्यातील लॅबमध्ये डी-डायमर तपासले, तर आकडा रुग्णालयातील शेवटच्या आकड्याच्या जवळपास दुप्पट आला. डोस वाढवावा का? सोबत ॲस्पिरिनही द्यावी, असे एका नातेवाइकांनी सुचवले आहे. आजार फुप्फुसांचा असताना रक्ताच्या गुठळ्या का होतात, हेही कृपया कोणी समजावून सांगावे.

उत्तर १ (फिजिशियन, खारघर)
या आजारात रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला सूज येते, फायब्रिनोजेन आणि व्हॉन विलेब्रांड फॅक्टर हे रक्त गोठवणारे घटक वाढतात, प्लेटलेट्स चटकन चिकटू लागतात आणि त्यातच रुग्ण अंथरुणाला खिळलेला असतो. त्यामुळे पायांच्या शिरांत गुठळ्या होतातच, शिवाय फुप्फुसांतील बारीक वाहिन्यांतही होतात. डी-डायमर हा विरघळणाऱ्या फायब्रिनचा (गुठळी बांधणाऱ्या धाग्यांचा) तुकडा असल्याने तो गुठळीशिवाय, निव्वळ सूज किंवा वाढते वय यांमुळेही वाढलेला दिसतो. म्हणून केवळ त्या आकड्यावरून डोस वाढवू नये, असे माझे ठाम मत आहे.

कोणते औषध कोणत्या टप्प्यावर द्यायचे, हे येथे फार महत्त्वाचे आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत हेपॅरिनच्या (रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनच्या) पूर्ण डोसाचा फायदा वॉर्डातील मध्यम आजारी रुग्णांना दिसला, पण आयसीयूतील अत्यवस्थ रुग्णांना तो दिसला नाही. ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीत ॲस्पिरिनने दाखल रुग्णांचे मृत्यू कमी झाले नाहीत, रक्तस्राव मात्र थोडा वाढला. आपल्या आईंना दिलेला डोस आणि ३५ दिवसांची मुदत ब्राझीलमधील मिशेल चाचणीशी जुळते. त्या चाचणीत घरी सोडलेल्या, गुठळीचा धोका अधिक असलेल्या रुग्णांना फायदा झाला होता. ॲस्पिरिन परस्पर सुरू करू नका.

उत्तर २ (लॅब टेक्निशियन, नौपाडा)
दोन्ही रिपोर्टवरील एकक आधी पाहावे. काही लॅब एफईयू (फायब्रिनोजेन इक्विव्हॅलंट युनिट), तर काही डीडीयू (डी-डायमर युनिट) या एककात निकाल देतात आणि एफईयूचा आकडा डीडीयूच्या सुमारे दुप्पट असतो. नॉर्मल मर्यादाही त्यानुसार बदलते, त्यामुळे पुढील तपासणी, सांगितली गेल्यास, एकाच लॅबमध्ये करावी.

प्रश्नकर्ता
रुग्णालयाचा रिपोर्ट डीडीयूमध्ये आणि ठाण्याचा एफईयूमध्ये आहे, म्हणजे आकडा दुप्पट दिसण्याचे कारण एककच असावे. आपणा दोघांचे मनापासून आभार. आई गुडघेदुखीसाठी अधूनमधून डायक्लोफेनॅक घेते, ते चालेल का?

उत्तर १ (फिजिशियन, खारघर)
रिव्हरॉक्साबॅनसोबत डायक्लोफेनॅक टाळावे, कारण पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. तूर्त पॅरासिटामॉल चालेल का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाची तपासणी जुनी असेल तर तेही त्यांना सांगा, कारण रिव्हरॉक्साबॅन काही अंशी मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. शौच काळी झाली किंवा हिरड्यांतून रक्त थांबेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एकाच पायाला सूज आली आणि पोटरी दुखू लागली, तरीही तसेच करा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर मात्र फोनवर सल्ला घेत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.