पगारी नोकरी घ्यावी की स्वतंत्र एजंट म्हणूनच राहावं?

किल्लीवाली

नमस्कार मंडळी. मी घरांच्या खरेदी-विक्रीची आणि भाड्याची कामं करते. स्वतंत्र एजंट आहे, हाताखाली कोणी नाही. जुनी गिऱ्हाइकं नवी माणसं पाठवतात, त्यामुळे काम येत राहतं. सध्या एका बांधकाम कंपनीकडून विक्री विभागात पगारी नोकरीसाठी विचारणा झाली आहे आणि माझा निर्णय होत नाहीये. या धंद्यात असलेल्यांनी, सोडून गेलेल्यांनी आणि एजंटामार्फत घर घेतलेल्यांनीही मोकळेपणाने लिहा.

नोकरीचा विचार का आला ते सांगते. मध्यंतरी एका कुटुंबाला रीसेलचं एक घर फार आवडलं. म्हातारे आई-वडील, मुलगा, सून, सगळे बघायला आले होते. आतल्या खोलीची एकच भिंत नव्याने रंगवलेली, बाकीच्या तिन्ही भिंतींचा रंग जुना. बरोबर वरती दुसऱ्या कोणाचं न्हाणीघर. मी मालकांना आधी विचारलं होतं, त्यांनी विषय टाळला. मग मी मुलाला सांगितलं, विसार देण्याआधी वरच्या घरी जाऊन गळतीची चौकशी करा. गळती होती. व्यवहार मोडला आणि मालकांनी ते घर माझ्याकडून काढून घेतलं.

पुन्हा अशी वेळ आली तरी मी तेच सांगेन. पण त्या घरासाठी घातलेल्या फेऱ्या, कागदपत्रं लावून घेणं, कर्जासाठी बँकेच्या माणसाशी गाठ घालून देणं, या कशाचाही मोबदला मिळाला नाही. आमच्याकडे सही झाली तरच दलाली. 'हे घर घेऊ नका' असं एखाद्याला वेळेवर सांगणं हे माझ्या मते माझ्या कामातलं सगळ्यात मोलाचं काम आहे आणि नेमके त्याचेच पैसे कोणी देत नाही. सरळ वागायचं तर घरखर्चाची चिंता, ती मिटवायची तर गप्प बसायचं, असं दर महिन्याला व्हायला लागलं की माणूस थकतो.

त्यात परस्पर होणारे व्यवहार आहेतच. मी घर दाखवते, दुसऱ्या दिवशी पार्टी थेट मालकाचं दार वाजवते. मालकही घर एकाच वेळी पाच एजंटांना देऊन ठेवतात. शिवाय रिकाम्या घरात अनोळखी माणसाला घेऊन एकटीने जायचं, हे घरच्यांना आवडत नाही आणि त्यांचं चुकतं असंही मला म्हणता येत नाही.

नोकरीत महिन्याला ठरलेली रक्कम हातात येईल, एवढं नक्की. पण स्वतंत्रपणे राहून हे सगळं बदलता येण्यासारखं असेल तर मला तोच रस्ता हवा आहे. मूल्यांकनाकडे किंवा भाड्याच्या मालमत्ता सांभाळण्याच्या कामाकडे वळलेलं कोणी इथे असेल तर तेही सांगा.

जुनाबोर्ड

ताई, सुरुवात पाच एजंटांपासून करा, बाकीच्या बऱ्याच दुखण्यांचं मूळ तिथे आहे. पाच जण त्याच घराचे पाच प्रकारचे फोटो टाकतात आणि प्रत्येकाच्या जाहिरातीत किंमत वेगळी. खरेदीदार घरबसल्या ते सगळं पाहतो आणि मालक अडला आहे अशी समजूत करून घेतो. यात मालकाचंच नुकसान होतं, आणि ते त्याला जाहिराती समोर ठेवून दाखवलं तर पटतं.

मी घर विक्रीला घेतो ते लेखी करार करून. ठरावीक मुदतीसाठी ते फक्त माझ्याकडे. बदल्यात दर आठवड्याला मालकाला कळवतो की कोण आलं, काय आवडलं, कशाला नाक मुरडलं. हा आठवड्याचा कागद फार उपयोगी पडतो. तीन वेगवेगळी कुटुंबं 'स्वयंपाकघरात उजेड नाही' म्हणाली की मालक आपणहून किमतीबद्दल बोलायला तयार होतो, मला वाद घालावा लागत नाही.

खरेदीदाराकडूनही पहिलं घर दाखवण्याआधी लेखी घ्या: कोणती घरं दाखवणार, दलाली किती, कधी द्यायची. लोक बिचकतात म्हणून आपण मागत नाही. अमेरिकेत तिथल्या रिअल्टर म्हणजे घरांच्या एजंटांच्या संघटनेवरच्या खटल्यात तडजोड झाली आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून विक्रीची घरं एकत्र नोंदवणाऱ्या त्यांच्या सामायिक यादी-व्यवस्थेतल्या एजंटाला घर दाखवायला नेण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार करावा लागतो. मोबदल्याचा आकडा त्यात स्पष्ट लिहायचा असतो. तेव्हा तुम्ही काही जगावेगळं मागत नाही आहात.

किमतीवरून अडून बसणाऱ्या मालकांबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण सगळ्यात जास्त वेळ तेच खातात. बोस्टनमधल्या १९९० च्या दशकातल्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. ज्यांना आपल्या खरेदीभावापेक्षा कमी मिळणार होतं, त्या मालकांनी त्या तुटीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश इतकी रक्कम मागणीत चढवलेली आढळली. त्यांना शेवटी थोडं जास्त मिळालंही, पण घर विकायला वेळ लागला. म्हणजे हा निव्वळ हट्ट नसतो, तोट्याचं दुःख असतं. मी पहिल्याच भेटीत विचारतो, कधी घेतलंत आणि केवढ्याला. तूट मोठी असेल आणि विकायची घाई नसेल तर मी ते घर विक्रीला घेतच नाही. सध्या भाड्याने द्या, भाडेकरू मी बघून देतो, असं सांगतो. माझा वेळ वाचतो आणि माणूसही तुटत नाही.

विक्रीविभाग

मी स्वतंत्र एजंट होतो, आता एका विकसकाकडे नोकरीला आहे. माझं लहान मूल आणि घराचा हप्ता पाहता मला हा निर्णय योग्य वाटतो. आजारपणाची रजा मिळते, हे बाहेर असताना माहीतच नव्हतं. बांधकामाचे टप्पे आणि त्याला जोडलेले हप्ते, नकाशा वाचणं, कर्जाची प्रक्रिया, हे सगळं आतून शिकायला मिळालं.

पण किल्लीवाली ताई, तुमचा मूळ प्रश्न इथे सुटणार नाही. इथे 'हे घेऊ नका' म्हणायला जागाच नाही. प्रकल्पात जे फ्लॅट उरलेत तेच विकायचे, आणि उरलेले म्हणजे बहुतेक वेळा पार्किंगच्या तोंडावरचे किंवा अंधारे. महिनाअखेरीला लक्ष्य पूर्ण करायचं असतं. शनिवार-रविवार जातात ते जातातच. एक मात्र आहे, समोरच्याला पक्कं माहीत असतं की मी कंपनीचा माणूस आहे, त्यामुळे माझ्या भूमिकेबद्दल कोणाची फसगत होत नाही. मी खोटं न बोलता हे काम करतो आणि ते करता येतं. ताबा कधी मिळेल हे विचारलं की कंपनीने लेखी दिलेली तारीख सांगायची, पुढे आपल्या पदरचं आश्वासन जोडायचं नाही.

सही करण्याआधी हे विचारा. प्रोत्साहन रक्कम बुकिंगला मिळते, करार नोंदला की मिळते, की बँकेचे पैसे आल्यावर? बुकिंग रद्द झालं तर दिलेली रक्कम परत कापतात का? नोकरी सोडल्यावर आधीच्या बुकिंगचे पैसे मिळतात का? आणि सर्वात महत्त्वाचं, तुम्ही आज जोडलेली माणसं कंपनीच्या यादीत गेल्यावर पुढे तुमची राहतात का? सोडल्यानंतर काही काळ स्वतंत्र काम करू नये असं कलम आहे का, तेही नीट वाचा. बाजार थंडावला की विक्री विभागातली माणसं लवकर कमी होतात, हेही धरून चाला.

घरबदल

मी एजंट नाही. एक घर विकलं आहे, एक घेतलं आहे, दोन्ही एजंटामार्फत.

शिकागोच्या आसपासच्या जवळपास १ लाख घरविक्रींचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते साधारण साडेनऊ दिवस जास्त थांबतात आणि सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतात, असं त्यात दिसलं. कारण सरळ आहे. माझ्या घराचे थोडे जास्त पैसे आले तर एजंटाच्या वाट्याला त्यातला कण येतो, थांबावं मात्र त्यालाही लागतं. हे वाचल्यापासून 'ही ऑफर घेऊन टाका' असं कोणी म्हणालं की माझ्या मनात शंका येते, मग समोरचा माणूस कितीही सज्जन असो.

म्हणून तुमची गळतीची हकीकत वाचून मला फार वाटलं. मी घेतलेल्या घरात पहिल्या पावसाळ्यात छताला ओल आली. भिंतीकडे बोट दाखवणारं कोणी तेव्हा माझ्यासोबत असतं, तर मी त्या सल्ल्याचे वेगळे पैसे आनंदाने दिले असते. घर घेतलं नसतं तरीही दिले असते! तुम्ही ते मागत का नाही? घर बघून, कागद वाचून, लेखी मत द्यायचं आणि त्याची ठरलेली फी घ्यायची.

किल्लीवाली

घरबदल, असा विचार मी केलाच नव्हता. पण जे घर माझ्याकडे विक्रीला आहे त्याच घराबद्दल खरेदीदाराकडून सल्ल्याची फी घेणं बरोबर होईल का? मला ते खटकतंय.

मोजपट्टी

खटकलं ते योग्यच आहे, घेऊ नका. विक्रेत्याकडून दलाली आणि खरेदीदाराकडून सल्ल्याची फी, दोन्ही एकाच घरावर घेतलं की तुमच्या मताला किंमत राहत नाही. माहीत असलेला दोष खरेदीदाराला सांगणं ही एजंट म्हणून तशीही तुमची जबाबदारी आहे. त्यासाठी वेगळी फी नको, आणि दोष लपवू पाहणाऱ्या मालकाचं घरही नको. सल्ल्याची फी घ्या ती जिथे विक्रीशी तुमचा काहीही संबंध नाही अशाच घरांसाठी. आणि ते मत इमारतीच्या मजबुतीबद्दल नाही, हे त्यात स्पष्ट लिहा. तडा कशामुळे गेला हे इंजिनिअरने सांगायचं.

मी एजंटगिरी करता करता मूल्यांकनाकडे वळलो. त्याला स्वतंत्र पात्रता लागते, परीक्षा आणि अनुभवाच्या अटी जागोजागी वेगळ्या असतात, त्या आधी पाहून घ्या. मोबदला व्यवहार होण्यावर किंवा आकडा किती आला यावर अवलंबून नसतो. तुम्ही ज्याला थकला आहात ते ओझं इथे नाही. पण हे काम एकट्याने मोजमाप घेण्याचं आणि अहवाल लिहिण्याचं आहे. तुमच्या लिहिण्यातून तुम्हाला माणसांची आवड दिसते, ती इथे भागणार नाही.

मूल्यांकनातली एक सवय मात्र आजच उचला. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या टूसॉन शहरातल्या एजंटांना एकच घर प्रत्यक्ष दाखवून किंमत ठरवायला सांगितलं होतं. सगळी माहिती सारखी, फक्त मागणीची किंमत प्रत्येक गटाला वेगळी दिली. एजंटांचे अंदाज त्या मागणीकडे ओढले गेले, आणि त्या किमतीचा विचार केल्याचं मात्र फारच थोड्यांनी सांगितलं. अनुभवी माणसं होती ती. म्हणून मालकाचा आकडा ऐकण्याआधी घर बघा, आसपासचे झालेले व्यवहार बघा आणि आपला आकडा वहीत लिहून ठेवा. पुढे मालकाशी बोलताना तो फार आधार देतो.

भाड्याच्या मालमत्ता सांभाळण्याबद्दल थोडक्यात: दरमहा फी मिळते, पण पाइप फुटला की रात्री फोन तुम्हालाच येतो. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन भरवशाचे असतील तरच हात घाला.

उंबरठा

किल्लीवाली, सुरक्षेबद्दल लिहिते, कारण ते कोणी लिहिलं नाही. १९८६ मध्ये लंडनमधली सूझी लॅम्प्लू ही पंचवीस वर्षांची एजंट घर दाखवायला म्हणून कार्यालयातून निघाली आणि परत आली नाही. ती आजही सापडलेली नाही. तिच्या आईवडिलांनी तिच्या नावाने संस्था काढली, ती एकट्याने काम करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी काम करते.

मी पहिली भेट घरात कधीच ठेवत नाही. कार्यालयात किंवा लोकांच्या वर्दळीत भेटते, ओळखपत्राचा फोटो घेते, तो आणि पत्ता घरी पाठवते. पार्टी पुढे, मी मागे, दाराच्या बाजूला. गच्ची आणि तळघर त्यांनी बघून यावं, मी खालीच थांबते. संध्याकाळनंतर रिकामं घर दाखवत नाही. ओळखपत्र द्यायला नाराज होणाऱ्याला मी घर दाखवत नाही, मग तो कितीही मोठा खरेदीदार असो. स्वतंत्र असल्याचा हा फायदा आहे, नकार द्यायला वरिष्ठांची परवानगी लागत नाही.

किल्लीवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. नोकरीला सध्या नाही कळवते आहे. विक्रीविभाग दादांनी लिहिलेलं वाचून कळलं की मला पगारापेक्षा खरं बोलायची मोकळीक जास्त हवी आहे. घरखर्चाला भाड्याच्या कामांचा आधार आहे, तो आणखी वाढवेन. माझ्याकडे विक्रीला नसलेल्या घरांसाठी सल्ल्याची फी सुरू करते आणि ती आधीच लेखी सांगते. उंबरठा, तुमचे नियम जसेच्या तसे घेतले आहेत, घरी वाचूनही दाखवले.

जुनाबोर्ड काका, करारनाम्याचा मसुदा करायला घेतला आहे. मुदत संपल्यावर मालकाने मीच आणलेल्या पार्टीला घर विकलं तर? आणि मुदतीत मालकाच्या नात्यातल्या कोणी घेतलं तर?

जुनाबोर्ड

मुदत संपताना तुम्ही घर दाखवलेल्या सगळ्यांची यादी मालकाला द्या आणि पोच घ्या. त्या यादीतल्या कोणी पुढच्या ठरावीक महिन्यांत घर घेतलं तर दलाली लागू, असं कलम घाला. काळ वाजवी ठेवा, वर्ष-दोन वर्षं लिहिलंत तर कोणी सही करणार नाही. नात्यातली संभाव्य नावं मालकाकडून आधीच लिहून घ्या आणि त्यांना दलालीतून वगळा, ते तुम्ही आणलेले नाहीत. मसुदा स्थानिक वकिलाला दाखवल्याशिवाय वापरू नका. आणि दोषांबद्दल एक कलम टाका: मालकाने माहीत असलेली गळती, तडे, थकबाकी, वाद लिहून द्यायचे. तिथे जो अडेल त्याचं घर घेऊ नका.