शब्दचर्चा : गोम, घोण, कानगोम

पंचवटीकर
पावसाळा लागला की आमच्या जुन्या वाड्यात मोरीतून गोमा निघतात. सासूबाई बोटभर असली तर 'गोम' म्हणतात, वीतभर जाडजूड दिसली की 'घोण'. माझं माहेर कोकणातलं, तिथे सरसकट घोणच. शेजारच्या काकूंची दोऱ्यासारखी बारीक ती 'कानगोम'. जाती खरंच वेगळ्या, की एकीचीच लहान-मोठी वयं?

दिंडोरीचा बागवाला
ताई, आमच्याकडे घोण म्हणणारी आता म्हातारी माणसंच उरलीत. द्राक्षबागेत पाचट उचललं की खालून पळते ती गोम. हात लावला की वेटोळं करून पडतो तो वाणी, त्याला यात धरू नका. वाण्याच्या बहुतेक वळ्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात, गोमेला एकेकच. शिवाय तो बिचारा पालापाचोळा खातो.

किडेवाचक, नाशिकरोड
बोट आणि वीत ही मापं इथे फसवी आहेत. मोठ्या गोमांचा जो गट, त्यात पिल्लू अंड्यातून निघतं तेच पायांचा पूर्ण संच घेऊन. बहुतेक जातींत २१ जोड्या. म्हणजे सासूबाईंची गोम आणि घोण, दोघींचे पाय सारखेच भरले तर एक दुसरीचं पिल्लू असू शकते. पण खात्री नाही, कारण या मोठ्या गोमांत स्कोलोपेन्ड्रा आणि ऱ्हायसिडा असे दोन पोटगट आहेत; दोघींना २१ जोड्या, दोघींच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना चार-चार साधे डोळे. मेलेली सापडली तर कुशीवर वळवून भिंगाखाली धरा आणि सातव्या पायाच्या वर बघा. तिथे श्वासाचं छिद्र असेल तर ऱ्हायसिडा, नसेल तर स्कोलोपेन्ड्रा. छिद्राचा आकारही बोलतो : ऱ्हायसिडाचं गोल-लांबट, स्कोलोपेन्ड्राचं तिकोनी फटीसारखं.

रंगावर मात्र जाऊ नका. स्कोलोपेन्ड्रा मॉर्सिटान्स, जिला स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये नाव दिलं, ती एकाच जातीत कितीतरी रंगांची सापडते. तिच्या नराचे शेवटचे पाय वरून चपटे असतात, ती खूण जास्त भरवशाची.

काकूंची कानगोम मात्र वेगळ्याच गटातली दिसते. या बारीक गोमांना डोळेच नसतात आणि पायांच्या जोड्या २७ पासून थेट १९१ पर्यंत. कानात शिरण्याचं नाव त्यांच्यावर उगाच आलंय, मातीतच राहतात. यातल्या ऑर्फ्नियसला डिवचलं तर अंधारात हिरवट उजेडाचा चिकट माग सोडते.

पंचवटीकर
आणि भिंतीवरून सरसर पळते ती, लांबलांब पायांची?

किडेवाचक, नाशिकरोड
तिच्या १५ जोड्या. ती लहानपणी कमी पायांची असते, कात टाकत वाढवत नेते. तिला मराठीत धड नाव मी तरी ऐकलं नाही.

सातपूरचे गुरुजी
'गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही' ही म्हण माहीत असेलच. प्रौढ गोमेच्या जोड्या नेहमी विषम भरतात, त्यामुळे बरोबर शंभर पाय कुठल्याच गोमेला नसतात. 'शतपाद' म्हणणाऱ्यांनी मोजले नव्हते! आणि 'यात एक गोम आहे' मधली गोम म्हणजे घोड्या-बैलाच्या अंगावरचा केसांचा भोवरा. खरेदीला गेलेला माणूस तो आधी शोधायचा, अशुभ जागी निघाला की सौदा मोडला. लपलेली खोट हा अर्थ तिथून आला असावा.

किडेवाचक, नाशिकरोड
म्हणीत भर घालतो, गुरुजी. तुटलेला पाय कात टाकताना पुन्हा फुटतो, पण त्यावरचे काटे पूर्वीसारखेच येतील असं नाही. जात ओळखायला शेवटच्या पायावरचे काटे मोजतात, तेव्हा नव्याने फुटलेला पाय मोजला तर घोळ होतो. दोन्ही बाजूंचे पाय ताडून बघावे लागतात.

दिंडोरीचा बागवाला
एक राहिलं. गोम 'चावते' की 'डसते'? आमच्याकडे 'डसली' म्हणतात, आणि शेपटीने डसते असं समजतात.

किडेवाचक, नाशिकरोड
शेपटीकडचे ते शेवटचे पाय, विष तिथे नसतं. डोक्याखालच्या पहिल्या पायांचेच विषनखे झालेत, ते रुतवते. तुम्ही 'डसली' म्हणा, फक्त पकडताना डोक्याकडची बाजू सांभाळा.