वाली-सुग्रीव: चूक नक्की कुणाची?

कोरडा डोह:
सध्या रात्री झोपायच्या आधी वाल्मिकी रामायणाचं मराठी भाषांतर थोडं थोडं वाचतोय आणि किष्किंधाकांडात अडकलोय. इतकी वर्षं डोक्यात एवढंच बसलेलं की वाली मुजोर, सुग्रीव बिचारा, रामाने बाण मारला, विषय संपला. पण नीट वाचलं तर प्रकरण भलतंच निघालं. मायावी नावाचा असुर रात्री येऊन वालीला आव्हान देतो, दोघे भाऊ त्याच्या मागे धावतात, तो बिळात शिरतो, वाली धाकट्याला म्हणतो तू दाराशी थांब आणि स्वतः आत जातो. सुग्रीव वर्षभर तिथे उभा. मग आतून फेसाळ रक्त येतं, असुरांचा आरडाओरडा ऐकू येतो, भावाचा आवाज काही येत नाही, म्हणून हा समजतो की संपलं सगळं, तोंडाशी मोठी शिळा लावतो, भावाचं तर्पण करून घरी येतो आणि मंत्री त्याला गादीवर बसवतात. नंतर वाली जिवंत परत! सुग्रीव मुकुट पायाशी ठेवतो तरी ऐकत नाही, नेसत्या वस्त्रानिशी हाकलतो आणि त्याची बायको रुमा ठेवून घेतो.

यात सुग्रीवाचं काय चुकलं सांगा. आणि दुसरं म्हणजे बायबलमधले भाऊ काइन-हाबेल घ्या, एसाव-याकोब घ्या, शाहनामा या फारसी महाकाव्यात तर दोघा थोरल्यांनी मिळून धाकट्या इरजला मारलं, सगळीकडे थोरला खलनायक आणि धाकटा गुणी असंच का? मी घरात थोरला आहे त्यामुळे जरा जास्तच लागतंय 😀

तिखटमीठ:
सुग्रीवाचं काहीही चुकलेलं नाही. गैरसमज झाला इथपर्यंत वालीला बेनिफिट ऑफ डाउट देऊ, पण रुमाचं काय? भावावर राग आहे तर भावाला हाकल ना, त्याच्या बायकोने काय घोडं मारलं होतं? राम पण वालीला हेच ऐकवतो, धाकट्या भावाची बायको ही सुनेसारखी, तिच्याशी असं वागणाऱ्याला मृत्युदंडच. गदिमांनी गीतरामायणात या प्रसंगावर स्वतंत्र गाणं लिहिलंय तेही रामाच्या तोंडी, त्याची हीच बाजू मांडणारं. लपून बाण मारणं मला पटत नाही, पण तो वेगळा धागा होईल, इथे नको.

निवांत पंत:
तिखटमीठ ताई, रुमाच्या बाबतीत शंभर टक्के सहमत. पण डोहसाहेब, एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटतेय, ही बिळाची सगळी कहाणी आपल्याला सांगतंय कोण? सुग्रीव! ऋष्यमूक पर्वतावर बसून रामाला सांगतोय, ज्याची मदत त्याला हवीय त्यालाच. वालीचं व्हर्जन आपल्याला मिळतच नाही. तो मरताना बोलतो भरपूर, रामाला चांगलं धारेवर धरतो, पण बिळाबद्दल चकार शब्द काढत नाही.

आता पुढे जा. सीतेचा शोध लागत नाही, सुग्रीवाने दिलेली महिन्याची मुदत उलटलेली, परत गेलो तर सुग्रीव मारणार या भीतीने वानर अन्नत्याग करून मरायला बसायच्या बेतात असतात. तिथे वालीचा मुलगा अंगद काय बोलतो ते वाचा. म्हणतो, थोरल्या भावाची बायको म्हणजे आई, ती भाऊ जिवंत असताना जो घेतो त्याला कसला आलाय धर्म, आणि भाऊ आत लढत असताना ज्याने बिळाचं तोंड बंद केलं त्याच्यावर भरवसा कोणी ठेवायचा. म्हणजे वालीच्या मुलाच्या मते ते बिळ गैरसमजाने बंद झालेलं नाहीच! आणि हे पोराचं नुसतं रागातलं बोलणं म्हणून उडवून लावता येत नाही, कारण त्याआधी एकदा रामाने सुग्रीवाला विचारलेलं असतं की तुला पृथ्वीचा कानाकोपरा कसा ठाऊक (वाली मागे लागला म्हणून पळत फिरलो, हे उत्तर), तिथे सुग्रीव स्वतः सांगून जातो की मला राज्य मिळालं आणि रुमेसोबत तारा (वालीची बायको) पण. पहिल्यांदा सांगताना ताराचा भाग त्याने गाळला होता. मग वालीने परत आल्यावर घरात काय पाहिलं असेल याचा विचार करा. रुमाचं समर्थन करत नाहीये, पण तो राग केवळ गादीचा नव्हता.

आणखी एक. वाली मेल्यावर सुग्रीव रडतो तो माझ्या मते अख्ख्या कांडातला सगळ्यात खरा सीन आहे. म्हणतो, हा मला मारायचा पण जीव घ्यायचा नाही, "जा, तुला ठार करायचं नाहीये" म्हणून सोडून द्यायचा, आणि मी मात्र त्याला मारवलं. वाली तर मरता मरता गळ्यातली इंद्राने दिलेली सोन्याची माळ काढून सुग्रीवालाच देतो आणि अंगदला सांभाळ म्हणतो. आता यात खलनायक कोण ते तुम्हीच ठरवा, मला तरी ठरवता आलेलं नाही.

मावळतीकर:
वरचा प्रतिसाद जबरदस्त. मी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. मला वाटतं थोरल्याला सगळं रीतीनेच मिळतं, त्यात गोष्ट कसली सांगणार? धाकट्याला मिळालं की मग का मिळालं हे सांगावं लागतं आणि ते सांगता सांगता थोरला काळा होत जातो. एसावने भूक लागली म्हणून डाळीच्या आमटीवर ज्येष्ठपण विकलं म्हणे, आता ही गोष्ट याकोबच्याच वंशाने जपली, एसावच्या पोरांनी कशी सांगितली असती कुणास ठाऊक.

पण नेहमीच असं नसतं. आदिपर्वात विभावसू आणि सुप्रतीक या दोन ऋषी भावांची गोष्ट आहे. धाकटा सुप्रतीक रोज उठून प्रॉपर्टीची वाटणी मागतो. थोरला म्हणतो, वाटणी झाली की बाहेरचे लोक मित्र बनून घरात शिरतात आणि भांडणं वाढवतात (आमच्या तालुक्याच्या कोर्टात हे वाक्य भिंतीवर लावायला हरकत नाही). धाकटा ऐकत नाही. मग थोरला त्याला शाप देतो हत्ती हो, तो उलटा शाप देतो कासव हो. पुढे तो सहा योजनं उंच हत्ती आणि ते अवाढव्य कासव तळ्यात भांडतच राहतात, आणि एक दिवस भुकेलेला गरुड येतो, एका पायात हत्ती, दुसऱ्या पायात कासव, उचलून नेतो आणि खाऊन टाकतो. दोघांनाही!

बाहेरच्याला आत घ्यायचं म्हटलं तर आपल्याकडे राघोबादादा आहेतच. भाऊ नाही, पुतण्या होता हे मान्य, पण 1773 ला नारायणरावाचा खून आणि 1775 ला सुरतेचा तह करून इंग्रजांना साष्टी-वसई देऊ केली. खाडिलकरांनी त्यावर 'भाऊबंदकी' लिहिलं 1909 ला.

तिखटमीठ:
पंत, ताराचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, बघते परत. तरी राम प्रत्येक वेळी बरोबर हाकललेल्या धाकट्या भावाशीच मैत्री करतो हे गंमतीशीर आहे, किष्किंधेत सुग्रीव, लंकेत बिभीषण, त्याला तर युद्धाआधीच समुद्रकिनारी राज्याभिषेक. आणि स्वतः कोण, तर धाकट्यासाठी राज्य सोडावं लागलेला थोरला. शिवाय लंका तरी रावणाची कुठे होती, सावत्र भाऊ कुबेराकडून हिसकावलेली, पुष्पक पण त्याचंच.

निवांत पंत:
लंकेचा पॉइंट भारी. अवांतर: अंगद भावाच्या दग्याबद्दल बोलून मरायला बसतो तिथेच संपाती येतो, जटायूचा थोरला भाऊ. हे दोघे पण पैज लावून सूर्याकडे उडाले होते, धाकटा होरपळायला लागल्यावर थोरल्याने त्याच्यावर पंख धरले आणि स्वतःचे जाळून घेतले. थोरल्यांसाठी एवढं तरी आहे डोहसाहेब.

कोरडा डोह:
धन्यवाद मंडळी, आता धाकट्याला व्हॉट्सॲपवर संपातीची गोष्ट पाठवतो. मावळतीकर, हत्ती-कासव नेमकं कुठे सापडेल? आदिपर्व प्रचंड आहे हो.

मावळतीकर:
आस्तीकपर्वात बघा. गरुड आईला दास्यातून सोडवायला अमृत आणायला निघतो, वाटेत बाप कश्यप भेटतो, त्याला म्हणतो पोट भरलं नाही, काहीतरी खायला सांगा. तेव्हा कश्यपच ही गोष्ट सांगतो आणि त्या दोघांना खा म्हणतो.