पनीरवर आयोडीन टाकलं, निळं झालं नाही. मग खरं समजायचं का?

डोंबिवलीकरीण:
मंडळी, इथल्या एका डेअरीतून दोनेक महिने सुटं पनीर आणतेय, 240 रुपये किलो, बाकीचे चारशेच्या पुढे सांगतात म्हणून मी खूशच होते. परवा भाजीत टाकलं तर तुकडे रबरासारखे, चावताना दाताखाली करकर आवाज, आणि परततानाच तेल सुटून कढईत तवंग, लेकाने सगळे उचलून ताटाच्या कडेला ठेवले. मग रील बघून मेडिकलमधून आयोडीन आणलं, पनीर पाण्यात उकळून गार केलं आणि दोन थेंब टाकले, तर तपकिरीच राहिलं, निळं नाहीच. म्हणजे चांगलं ना? सासूबाई म्हणतात तूरडाळीचं पीठ लावून बघ, लाल झालं तर भेसळ.

लॅबवाला_मामा:
ताई, आयोडीन फक्त स्टार्च पकडतं. तुमच्या पनीरमध्ये पीठ नाही एवढंच कळलं, पामतेल आणि दूध पावडर वापरून केलं असेल तर आयोडीनला ते दिसणारच नाही. आणि डाळीचं पीठ ही दुधातल्या युरियाची टेस्ट, त्यात लाल लिटमस पेपर बुडवायचा, तो निळा झाला तर युरिया. रीलमध्ये नेमका लिटमसच गायब असतो!!

शेखर_नाशिक:
आमचा तबेला होता म्हणून साधा हिशोब सांगतो. म्हशीचं लिटरभर दूध फाडलं की 200 ग्रॅमच्या आसपास पनीर निघतं, म्हणजे किलोला पाच लिटर, दूध सत्तरने धरा, झाले साडेतीनशे, गॅस मजुरी वेगळी. होलसेलने दूध थोडं स्वस्त मिळतं हे मान्य, पण 240 ला विकून डेअरीवाला काय धर्मादाय करतोय का

डोंबिवलीकरीण:
बाप रे हे डोक्यातच आलं नाही 😞 मग हे विष आहे का? दोन महिने खाल्लंय आम्ही

लॅबवाला_मामा:
विष वगैरे नाही, घाबरू नका. याला अ‍ॅनालॉग म्हणतात, दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल, आणि तसं लेबल लावून विकलं तर कायदेशीर आहे. पनीर म्हणून विकायचं तर ओलावा 60 टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि कोरड्या भागात दुधाचं फॅट निदान 50 टक्के हवं (लो फॅटचं वेगळं). सुट्या मालात हीच गोची, लेबल असतं मोठ्या पॅकवर आणि काउंटरवर येतो नुसता ठोकळा.

वकील_काकू:
तपासून घ्यायचं असेल तर 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात कलम 40 आहे, आपण फी भरून फूड अ‍ॅनालिस्टकडून नमुना तपासून घेऊ शकतो आणि माल नियमात बसला नाही तर फी परत मिळते. एकच मेख, विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं की मी हे तपासायला देणार आहे. आता हे तोंडावर कोण सांगणार देव जाणे, मी तरी कचरेन. एफडीएकडे तक्रार करणं त्यापेक्षा सोपं, बिल असेल तर बरं.

डोंबिवलीकरीण:
आत्ताच जाऊन आले. म्हटलं दादा, पॅक दाखवा, तर म्हणे सकाळीच फेकला. बिल मागितलं तर मशीन बंद. बाजूच्या आजी अर्धा किलो घेत होत्या, आमचं बोलणं ऐकून त्यांनी पाव किलोच घेतलं 😄 मी म्हशीचं दोन लिटर घेऊन आलेय, लिंबाने फाडू की व्हिनेगरने?