फातिमा : दूध तोडणारी
फातिमा या नावाचा अर्थ 'तेजस्वी' असा कधीकधी सांगितला जातो, पण ते तेज 'झहरा' या बिरुदातलं आहे. पैगंबरांच्या कन्येला फातिमा झहरा म्हणतात, त्यातून ही सरमिसळ होते.

फातिमा हा शब्द फ-त-म या अरबी धातूचा. अर्थ, बाळाचं अंगावरचं दूध तोडणं. दूध तुटलेलं बाळ ते 'फतीम', तोडणारी ती 'फातिमा'. मूळ धातूतही तोडण्याचाच भाव आहे. आपण मराठीतही दूध 'तोडतो'च ना! मला हे साम्य फार हृद्य वाटतं.

नाव इस्लामपूर्व काळातलं. पैगंबरांचे जावई हजरत अली, त्यांच्या आईचंही नाव फातिमाच. तुर्कस्तानात त्याचं फात्मा झालं, इराणात फातेमे, सेनेगलकडे फातू. कैरो वसवणारे फातिमी घराण्याचे खलिफाही स्वतःला पैगंबरांच्या याच कन्येचे वंशज म्हणवत.